कागद उडेपर्यंत

साळवेबाई माझ्याशी पहिल्यांदा बोलल्या त्या अशा: "कागद आहे का गं? पातळ हवा."

पुण्याहून दिल्लीला येऊन आम्हाला जेमतेम आठवडा झाला होता. मयूर विहारच्या एका सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर भाड्याचा फ्लॅट घेतला होता. नवऱ्याची बदली झालेली, आणि मलाही नोएडात एका कॉम्प्युटरच्या कंपनीत नोकरी लागलेली. ऑफिसची चार्टर्ड बस गाठायला मी धडाधडा जिना उतरत होते. खाली पार्किंगमध्ये साठीकडे झुकलेल्या एक बाई सुती साडीचा पदर कमरेला खोचून, गाडीचं बॉनेट उघडून आत वाकल्या होत्या. इंजिन चालू होतं. माझ्या गळ्यातल्या दोन वाट्या बघून त्यांनी मला थेट मराठीतच हटकलं. परक्या शहरात मराठी कानावर पडल्यावर पाय थबकणारच. पर्समध्ये लाँड्रीची पावती होती, ती दिली. बाईंनी इंजिनावरचं एक झाकण फिरवून काढलं आणि त्या भोकावर पावती ठेवली. ती क्षणभर थरथरली आणि चप्पकन चिकटून बसली.

"बसला," बाई म्हणाल्या. "पोट साफ आहे. जा आता, बस चुकेल."

बस चुकलीच. पावतीला तेलाचा डाग पडला आणि लाँड्रीवाल्यानं त्यावरून हुज्जत घातली, ते वेगळंच.

रूथ साळवे हे त्यांचं नाव. माहेर नगरचं. वडील लष्करातल्या ड्रायव्हरांना इंजिन शिकवायचे, आणि घरात मुलगा नसल्यामुळे म्हणा किंवा मुलगीच तशी असल्यामुळे म्हणा, बाई बाहुल्यांऐवजी स्पार्क प्लग घेऊन खेळल्या. लग्न होऊन दिल्लीला आल्या, सरकारी मुलींच्या शाळेत जन्मभर फिजिक्स शिकवलं. साळवेसाहेबांनी हौसेनं जुनी गाडी घेतली, पण त्यांना चालवायची भीती वाटायची, म्हणून पहिल्या दिवसापासून चालवली ती बाईंनीच. साहेब गेले, बाई निवृत्त झाल्या, गाडी राहिली. रंगानं पांढरी म्हणायची. पुढच्या काचेपाशी लाकडाचा छोटा क्रूस ठेवलेला असे. बाकी गाडीत शोभेचं काही नव्हतं.

त्या कागदाची भानगड काय आहे, हे मी पुढच्याच रविवारी विचारलं. कुणी विचारलं की बाईंना आनंद व्हायचा, पण तो चेहऱ्यावर दिसू द्यायचा नाही ही त्यांची शिक्षकी सवय. त्यांनी मला स्टुलावर बसवलं आणि वर्गात सांगावं तसं सांगितलं. सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं, त्याच्या जोरानं पिस्टन खाली ढकलला जातो, इथवर सगळ्यांना ठाऊक असतं. पण पिस्टनच्या रिंगा कितीही घट्ट असोत, कडेनं थोडा वायू निसटून खाली उतरतोच. खाली तेल असतं, त्या जागेला क्रँककेस म्हणतात. बाई म्हणायच्या पोट. त्या पोटात हा वायू साठतो. त्यात जळकट वाफ, पाण्याची वाफ, अर्धवट पेट्रोल, सगळं. बाहेर पडायला वाट दिली नाही तर तो स्वतः वाट काढतो, सील फोडतो आणि तेल बाहेर ढकलतो. नुसता साठून राहिला तरी तेलाचा चिखल करतो. पूर्वीच्या गाड्यांत एक नळी सरळ खाली रस्त्यावर सोडून द्यायचे. ओका खुशाल. मग कुणाला तरी अक्कल आली आणि तीच नळी वळवून इंजिनाच्या तोंडात नेऊन सोडली. इंजिन हवा आत ओढतं, त्या ओढीनं पोटातला वायूही ओढला जातो आणि परत जळून जातो. मध्ये एक बोटाएवढी झडप असते, ती हे सगळं बेतानं सोडते आणि उलटं येऊ देत नाही. ओढ नीट असेल तर झाकण काढून ठेवलेला कागद चिकटून बसतो. बिघडलं असेल तर कागद उडतो.

बाईंच्या गाडीत मुळात रस्त्यावर ओकणारीच नळी होती. ती वळवून, झडप बसवून, इंजिनाच्या तोंडाशी जोडली ती बाईंनी स्वतः. त्याचा त्यांना जबरदस्त अभिमान होता.

"कोंडून ठेवायचं नाही," त्या म्हणाल्या, "आणि गल्लीत ओकायचंही नाही. आपलं आपण जाळायचं."

हे त्या नुसतं गाडीबद्दल बोलत नव्हत्या हे मला लवकरच कळलं. सासूबाई महिनाभर राहायला आल्या तेव्हा मी एकदा जिन्यात बाईंना गाठून रडगाणं सुरू केलं. त्यांनी मला मध्येच थांबवलं. घरात जाऊन त्यांच्या तोंडावर सांग, म्हणाल्या, मला जिन्यात सांगून काय होणार, त्यांना ऐकू जायला नको का. मला भयंकर राग आला. पण गेले, आणि तोंडावर सांगितलं. घरात आठवडाभर वादळ झालं, आणि नंतर सासूबाई आणि मी पहिल्यांदा धड बोलायला लागलो.

झडप काढून ती कानाशी धरून हलवायची, आतून खुळखुळ वाजली तर चांगली, मुकी झाली तर अडकली, अशी तिची परीक्षा असते. ही सवय बाईंच्या हाताला इतकी लागली होती की त्या सगळंच कानाशी धरून हलवायच्या. नारळ हलवायच्या, औषधाची बाटली हलवायच्या, माझ्या कुकरची शिटीसुद्धा हलवून बघितली होती. एका दिवाळीला सोसायटीचे सेक्रेटरी खन्नाजी स्वतः मिठाईचा डबा घेऊन आले. बाईंनी तो त्यांच्यादेखत कानाशी नेऊन हलवला आणि म्हणाल्या, "आधा तो काग़ज़ है।" खन्नाजींनी तेव्हापासून त्यांच्याशी उभा दावा मांडला असं माझा नवरा म्हणायचा. मला वाटतं दावा आधीपासूनच होता, दिवाळीचं निमित्त झालं.

खन्नाजींचं म्हणणं असं की सोसायटीत आता नव्या गाड्या यायला लागल्यात, बँका घरी येऊन कर्ज देतायत, लोक बाहेरून फ्लॅट बघायला येतात, आणि दारातच ही म्हातारी गाडी आणि त्यात डोकं घालून बसलेली बाई. दिसतं कसं ते? शिवाय धूर. त्यांनी कमिटीची नोटीस काढली: पार्किंगमध्ये गाडी दुरुस्त करायची नाही, आणि धूर सोडणारी गाडी आत आणायची नाही. बाईंनी ती नोटीस खन्नाजींच्या हातातून घेतली, चष्मा लावून पूर्ण वाचली, मग इंजिन चालू केलं, झाकण काढलं आणि नोटीस भोकावर ठेवली. बसली चप्पकन.

एवढ्यावर थांबतील त्या बाई कसल्या! सगळे जमलेच आहेत म्हटल्यावर त्या खन्नाजींच्या नव्या चकचकीत गाडीपाशी गेल्या, पदर सावरून खाली वाकल्या आणि हातानंच सगळ्यांना बोलावलं. खाली एक नळी लोंबत होती, तिच्या टोकाला तेलाचा थेंब, आणि फरशीवर काळा डाग. खन्नाजींच्या मेकॅनिकनं, एअर फिल्टर तेलकट होतो म्हणून, ती नळी उपसून खाली सोडून दिली होती. बरेच मेकॅनिक असंच करायचे.

"खन्नाजी, मेरी गाड़ी अपना धुआँ ख़ुद पीती है," बाई म्हणाल्या. "आपकी गाड़ी हम सबको पिलाती है।"

कमिटीनं नोटीस मागे घेतली नाही, पण तिची अंमलबजावणीही कधी झाली नाही. बाईंनी ती तेलकट नोटीस गाडीतच ठेवली, पुढच्या खेपांना उपयोगी पडेल म्हणून.

त्यांची खरी लढाई मात्र खन्नाजींशी नव्हती. ती होती सुनीलशी, त्यांच्या एकुलत्या एक मुलाशी. सुनील परदेशी कंपनीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि नोएडाच्या एका नव्या सेक्टरमध्ये त्यानं घर बांधलं होतं. तळमजल्यावर आईसाठी वेगळी खोली ठेवली होती, तिला लागून बाथरूम, खिडकीबाहेर हिरवळ. आईनं मयूर विहारचा फ्लॅट विकावा, गाडी भंगारात द्यावी आणि तिथे येऊन राहावं, एवढंच त्याचं मागणं. तो वाईट नव्हता हो. आई रिंगरोडवर एकटी गाडी घेऊन जाते, भोवती त्या माजलेल्या खासगी बसगाड्या, आणि इकडे अवेळी फोन वाजला की आईचंच काही असेल असं याला वाटतं, हे त्यानं मला एकदा डोळ्यांत पाणी आणून सांगितलं होतं. मी ते बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, काळजी त्याची आहे ना, मग त्यानं वाहावी, माझ्या डोक्यावर कशाला ठेवतो?

पण त्यांना भीती होती, हे मी पाहिलं आहे. गाडी गेली की बाजारहाटाला, चर्चला, डॉक्टरकडे जायला सुनीलची वाट बघायची. वाट बघायची म्हटल्यावर त्याच्याच घरी राहिलेलं काय वाईट? आणि त्या खोलीत गेलं की हिरवळ बघत बसायचं. हे सगळं त्यांना स्वच्छ दिसत होतं. किल्ली त्या झोपतानाही उशाशी ठेवायच्या.

आमचं मराठी मंडळ दर संक्रांतीला पानिपतला जायचं. दिल्लीतल्या मराठी माणसांचा तो रिवाज आहे. सतराशे एकसष्टला ज्या दिवशी तिथे आपली माणसं पडली त्या दिवशी काळ्या आंब्यापाशी जाऊन उभं राहायचं, फुलं वाहायची, तिळगूळ वाटायचा. मंडळाचे सर्वेसर्वा म्हणजे राजाभाऊ बापट. माणूस लाखमोलाचा, पण घाईचा. त्यांच्या कोटाच्या खिशात एक बटवा कायम असे, त्यात हळदकुंकवाच्या पुड्या, अक्षता आणि सुपाऱ्या. कुठेही, कधीही पूजा करता यावी म्हणून.

बाई दर वर्षी यायच्या. एकदा राजाभाऊंनी सहज, मनात काही न ठेवता विचारलं होतं, "बाई, तुमचं कोण होतं हो तिथे?"

"मला ठाऊक नाही," बाई म्हणाल्या. "तुमचं कोण होतं ते तुम्हाला तरी कुठे ठाऊक आहे? सरदारांची नावं लिहून ठेवलीत. ज्यांनी घोड्यांना दाणापाणी केलं आणि तिथेच मेले त्यांची कुणी लिहिली? माझे त्यांच्यातले असतील. मी त्यांच्यासाठी येते."

राजाभाऊंचा चेहरा पडला. त्यांनी हात जोडले आणि त्या दिवसापासून बाईंचं नाव यादीत पहिलं लिहायला लागले.

त्या वर्षी ऐनवेळी ठरवलेली बस मिळाली नाही, आणि ज्याच्या त्याच्या गाडीनं जायचं ठरलं. सुनीलला तेच निमित्त मिळालं. रविवारी आमच्या सगळ्यांसमोर तो म्हणाला, "आई, ने तुझी गाडी पानिपतला. मी मागून येतो. जाऊन परत आलीस तर मी पुन्हा चकार शब्द काढणार नाही. रस्त्यात अडकलीस तर किल्ली माझ्याकडे, गाडी भंगारात, आणि तू माझ्या घरी. कबूल?"

"कबूल," बाई म्हणाल्या.

संक्रांतीच्या सकाळी धुकं इतकं दाट होतं की जिन्यातून पार्किंग दिसेना. बाईंच्या गाडीत मी, राजाभाऊ आणि बापटवहिनी जाणार होतो. बाई आधीच खाली येऊन गाडी गरम करत होत्या. शेवटची तपासणी म्हणून त्यांनी ती नळी झडपेवरून काढली, टोकाला अंगठा लावून ओढ बघितली, इंजिन बंद केलं, आणि तेवढ्यात तिळगुळाचा डबा वरच राहिल्याचं त्यांना आठवलं. राजाभाऊंना कशाला हात लावू नका असं बजावून त्या वर गेल्या.

आता राजाभाऊंनी काय पाहिलं, ते आम्हाला मागाहून कळलं: उघडं इंजिन, आणि नळी काढलेल्या जागेतून थंडीत वर येणारी वाफ. त्यांना वाटलं धूर. मागून सुनील हॉर्न वाजवतोय, पैज लागलेली, आणि गाडी निघण्याआधीच धूर! या गृहस्थांनी बटव्यातून सुपारी काढली, गणपतीचं स्मरण केलं, ती नळीत पेनानं आत लोटली आणि नळी होती तशी झडपेवर बसवून टाकली. धूरही थांबला आणि विघ्नहर्ताही बसला. बाई आल्या तर हे अभिमानानं म्हणाले, नळी लावलीय हं मी. सुनीलनं पुन्हा हॉर्न दिला. बाईंनी एक नजर टाकली, नळी जागेवर दिसली, बॉनेट आपटलं. आणि आम्ही निघालो.

बाई गाडी मस्त चालवायच्या. वळताना दिवा लावत, पण त्याच्यावर त्यांचा भरवसा नव्हता. दिवा पेटला की नाही हे मला आतून कसं कळणार, हात माझा मला दिसतो, असं म्हणून कडाक्याच्या थंडीतही काच खाली करून हात पूर्ण बाहेर काढायच्या. आम्ही मागे कुडकुडत बसायचो. कुंडली गेलं, मुरथलच्या ढाब्यांच्या कढयांचा वास आला आणि गेला. त्यानंतर थोड्याच वेळात दुसरा वास आला, जळक्या तेलाचा. बाईंनी हात बाहेर काढून गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरल्या.

बॉनेट उघडलं. तेल मोजायची पट्टी आपल्या जागेवरून निम्मी वर आली होती, तिथून तेल उडून सगळीकडे पसरलं होतं आणि गरम लोखंडावर पडून धूर काढत होतं. आमचं पानिपत पानिपतच्या अलीकडेच झालं, असं मला वाटलं. सुनील मागून आला. त्यानं आत डोकावून बघितलं आणि हात पुढे केला.

"आई, किल्ली."

"गाडी बंद पडलेली नाही. मी थांबवली."

"तेच ते."

"तेच ते नाही," बाई म्हणाल्या. "तू शिकलेला आहेस, फरक कळला पाहिजे."

त्या परत इंजिनाकडे वळल्या. पट्टी वर आली याचा अर्थ पोट फुगलं, पोट फुगलं म्हणजे वाट बंद झाली, आणि वाट एकच. हे सगळं त्या मोठ्यानं बोलत होत्या, पण आमच्याशी नव्हे. नळी काढली, तोंडाला लावून फुंकली. फुंकर पलीकडे जाईना. मग दोन बोटांनी नळी चाचपत चाचपत गेल्या, एका जागी थांबल्या आणि दाबत दाबत तिथून काहीतरी बाहेर आणलं. तेलानं माखलेली सुपारी त्यांच्या तळहातावर पडली.

शेजारून ट्रक जात होते. शेवटी राजाभाऊ अगदी बारीक आवाजात म्हणाले, "गणपतीची आहे ती. विघ्न येऊ नये म्हणून."

बापटवहिनींनी कपाळावर हात मारला. मला हसू आणि रडू एकदमच आलं. बाईंनी राजाभाऊंकडे पाहिलं, मग सुपारीकडे.

"गणपतीला पुढे बसवायचा असतो, राजाभाऊ," त्या म्हणाल्या. "नळीत नाही."

पदरानं पुसून त्यांनी ती सुपारी काचेपाशी क्रुसाशेजारी ठेवली. पण सुनीलचा हात तसाच पुढे होता. आणि तो जे म्हणाला त्यात तथ्य होतं. कुणीही येतं, काहीही कोंबतं आणि आई तुला कळतही नाही, तू न बघता निघालीस, उद्या ऐन रहदारीत असं झालं तर? बाईंनी नळी पुन्हा एकदा फुंकून बघितली.

"नळी उघडून बघायला हवी होती," त्या म्हणाल्या. "चुकलं माझं. त्यासाठी मला काय बोलायचं ते बोल, मी ऐकून घेते. माझ्या चुकीसाठी गाडी का भंगारात जाईल आणि माझं घर का जाईल?"

मग त्यांनी डिकीतून तेलाचा डबा काढला, तेल भरलं, पट्टी बसवली, नळी जोडली, इंजिन सुरू केलं आणि म्हणाल्या, "कागद." राजाभाऊंनी ओशाळून कार्यक्रमाची छापील पत्रिका पुढे केली. धुक्यात ओलसर झालेला तो कागद भोकावर थरथरला. आणि मग तो बसला, चप्पकन, नेहमीसारखा.

"सुनील, नीट ऐक," बाई म्हणाल्या, आणि आवाज आता शाळेतला होता. "ज्या दिवशी हा कागद उडेल त्या दिवशी मी स्वतः ही गाडी भंगारात नेऊन देईन. तू सांगायचं नाहीस, खन्नानं सांगायचं नाही. कागद सांगेल. तोवर माझ्या किल्लीसाठी हात पुढे करायचा नाही."

सुनीलनं हात मागे घेतला, खिशातून रुमाल काढला आणि इंजिनावर उडालेलं तेल पुसायला लागला. त्याचा कोट खराब झाला.

पानिपतला आम्ही पोचलो. राजाभाऊंनी बटवा उघडलाच नाही, नुसती फुलं वाहिली. बाई पदर डोक्यावर घेऊन, डोळे मिटून, त्यांच्या त्या नाव नसलेल्या माणसांसाठी ओठांतल्या ओठांत प्रार्थना करत उभ्या राहिल्या. परतताना त्यांनी गाडी कुठेच थांबवली नाही, आम्हाला चहा हवा होता तरी.

सुनीलनं शब्द पाळला. पुढे किती वर्षं गेली, नोएडाच्या वाटेवर पूल झाले, मेट्रोसाठी रस्ते खणले गेले, सोसायटीत गाड्या ठेवायला जागा उरली नाही, खन्नाजींनी दोन गाड्या बदलल्या. सुनील रविवारी आईकडे यायचा तेव्हा आधी खाली पार्किंगमध्येच थांबायचा. बाई झाकण काढायच्या आणि हा कागद धरायचा. कधीकधी मी गॅलरीतून बघत असे. दोघं वाकून त्या भोकाकडे बघतायत, कागद बसला की सुनील बॉनेट लावतोय. मग दोघं वर जाऊन जेवायचे.

आमची पुण्याला परत बदली झाली. सामान बांधून झालं होतं, ट्रक यायचा होता. रविवारचीच सकाळ, पुन्हा तसंच धुकं. मी बाईंना भेटायला खाली गेले तर सुनील आलेला, बॉनेट उघडं, इंजिन चालू. कागद खाली फरशीवर पडला होता. बाईंनी तो उचलला आणि परत ठेवला. एक कोपरा फडफडला, आणि कागद उडाला.

बाईंनी इंजिन बंद केलं. झडप काढली, पेट्रोलनं धुतली, कानाशी धरून हलवली. चांगली खुळखुळ वाजली. नळी फुंकली, मोकळी होती. सगळं पुन्हा जोडलं, इंजिन लावलं, कागद ठेवला. उडाला.

"रिंगा झिजल्या," त्या म्हणाल्या. "खाली उतरतं तेवढं आता वर ओढलं जात नाही."

"आई, रिंगा बदलून घेऊ," सुनील म्हणाला. "पूर्ण इंजिन बांधून घेऊ. मी बघतो सगळं. माझ्या ओळखीचा एक जण आहे." एवढा मोठा झालेला माणूस, आणि आईची गाडी वाचवायला असा अजीजीनं बोलत होता.

"कागद उडाला ना?" बाई म्हणाल्या. "मग झालं तर. मी बोलले होते."

त्यांनी काचेपाशी ठेवलेला क्रूस आणि ती सुपारी उचलून पर्समध्ये टाकली. डिकीतला तेलाचा डबा सुनीलच्या हातात दिला. सुनील म्हणाला, मायापुरीच्या भंगारबाजारापर्यंत मी चालवत नेतो, तू बस बाजूला. बाईंनी किल्ली मुठीत घेतली.

"तू मागून ये. येताना मला आणायला कुणी नको का?"

खन्नाजी तेवढ्यात फिरून येत होते. गाडी भंगारात निघाली हे कळल्यावर त्यांना काय वाटलं कोण जाणे, पण ते टोपी काढून जवळ आले आणि खरोखरच मायेनं म्हणाले, मॅडम, आता तरी आराम करा, मुलाकडे जा.

"आराम?" बाई म्हणाल्या. "कल शोरूम जा रही हूँ। नई ले रही हूँ। पहले बोनट खुलवाऊँगी।"

मग माझ्याकडे वळून, सुखानं जा, म्हणाल्या, आणि पुण्यात गाडी घेशील तेव्हा कागद ठेवून बघ. मला रडू आवरेना. त्यांनी माझ्या गालावर तेलकट हातानं थोपटलं, गाडीत बसल्या आणि किल्ली फिरवली. गाडी सुरू झाली, एका झटक्यात.

मी फाटकापर्यंत मागे मागे गेले. त्या गाडीच्या मागे थोडा निळसर धूर होता, तो मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. फाटकाबाहेर रहदारी लागली होती. बाईंनी काच खाली केली आणि उजवा हात पूर्ण बाहेर काढला, ताठ, बोटं जुळवून, आणि एक बस करकचून थांबली. गाडी वळली. मागून सुनीलची गाडी आली. तिचा उजवा दिवा लुकलुकत होता. तरी त्याची काच खाली झाली, आणि त्या थंडीत त्याचा हात बाहेर आला.